कोकणातून मॉरिशसला गेलेले मराठी मजूर : कारणे, करार आणि नावे

पोटासाठी घर सोडणे ही गोष्ट कोकणपट्टीस नवी नाही. या प्रदेशाचा अर्वाचीन सामाजिक इतिहास हा बव्हंशी बाहेर गेलेल्या माणसांचा आणि मागे राहिलेल्या घरांचा इतिहास होय. तथापि या स्थलांतराचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी सहसा मुंबईपाशीच थांबते. मुंबईच्या गिरण्या उभ्या राहण्यापूर्वीच कोकणातील व देशावरील काही सहस्र कुटुंबांतील माणसे हिंदी महासागर ओलांडून मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत मजुरीस गेली होती, ही हकीकत तितकीशी परिचित नाही. ही माणसे का गेली, कोणत्या अटींवर गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचे जाणे एकाएकी का थांबले, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासोबतच या लोकांच्या नावांचे सरकारी दप्तरात काय झाले, या भाषिक प्रश्नाकडेही लक्ष वेधले आहे. कारण तो केवळ भाषाशास्त्राचा प्रश्न राहिलेला नाही.

१. मागणीची बाजू

ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि १ फेब्रुवारी १८३५ पासून तो मॉरिशसमध्ये अमलात आला. त्यापूर्वी १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली गेली होती आणि त्यामुळे बेटावरील उसाची लागवड झपाट्याने वाढत होती. मळे वाढत असतानाच गुलामांचे श्रम हातचे जाणार, अशी मळेवाल्यांची स्थिती झाली. मुक्त झालेल्या गुलामांना काही वर्षे उमेदवार म्हणून जुन्याच धन्याकडे राबविण्याची सोय कायद्याने केली होती. परंतु ती व्यवस्थाही १८३९ मध्ये संपली आणि मुक्त झालेल्यांपैकी बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरविली.

हा तुटवडा भरून काढण्यासाठी मळेवाल्यांनी भारताकडे पाहिले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात आले. तेथपासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर उतरले. त्यांतील सुमारे एक तृतीयांश परत गेले. उरलेले तेथेच राहिले किंवा तेथेच मेले. १८६१ च्या जनगणनेपर्यंत बेटावरील लोकसंख्येत भारतीयांचे प्रमाण निम्म्याहून पुष्कळ अधिक झाले होते. एवढ्या अल्प काळात एखाद्या देशाची वस्ती इतकी पालटल्याची उदाहरणे इतिहासात थोडी आहेत.

या व्यवहारात कलकत्ता, मद्रास व मुंबई ही तीन बंदरे होती. मुंबईचा वाटा तिहींत लहान. परंतु मराठी भाषकांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. मजुरांच्या भरतीत होणाऱ्या फसवणुकीच्या तक्रारी वाढल्यामुळे हिंदुस्थान सरकारने १८३८ मध्ये ही निर्गत थांबविली होती. कलकत्त्यात नेमलेल्या चौकशी समितीने १८४० मध्ये आपला अहवाल दिला, आणि १८४२ च्या कायद्याने सरकारी देखरेखीखाली तीनही बंदरांतून निर्गत पुन्हा सुरू झाली. मुंबई बंदरातून मराठी मजुरांचा जो नियमित ओघ सुरू झाला तो या १८४२ नंतरच्या काळातला होय.

२. पुरवठ्याची बाजू

मागणी कितीही असली तरी माणूस सुखासुखी घर सोडीत नाही. म्हणून कोकणाची त्या काळची स्थिती पाहणे अवश्य आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मराठी राज्यात शेतीला जोड म्हणून शिलेदारी, बारगिरी, किल्ल्यावरची शिबंदी आणि आरमारातील चाकरी असे जे अनेक लहानमोठे आधार कोकणी कुटुंबांना होते, ते एका पिढीत नाहीसे झाले किंवा आकसले. कंपनीच्या मुंबई पलटणींत रत्नागिरीकडील मराठे व महार यांची भरती होत असे खरी. परंतु गेलेल्या सर्व चाकऱ्यांची भरपाई त्यातून होणे शक्य नव्हते.

जमिनीची स्थिती याहून बिकट होती. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील या चिंचोळ्या पट्टीत भाताची खाचरे थोडी आणि जांभ्या दगडाचे सडे फार. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी पिकवावी व तिच्यावर वर्षाचे काही महिने काढावेत, असा बहुजनांचा क्रम असे. त्यात दक्षिण कोकणातील बहुतेक गावे खोती पद्धतीची होती. सरकारशी कबुलायत करून गावाचा वसूल भरण्याची जबाबदारी खोताकडे असे आणि कुळाकडून तो धान्याच्या रूपाने हिस्सा घेई. भाताच्या पिकाचा अर्धा हिस्सा देणारे ते अर्धेली आणि तिसरा हिस्सा देणारे ते तिर्धेली, अशी कुळांची नावेच त्यांच्या दैन्याचे माप सांगतात. याशिवाय खोताच्या शेतावर वेठ करावी लागे ती निराळीच. पेरणीसाठी बी आणि पावसाळ्यासाठी धान्य हे दोन्ही पुष्कळदा खोताकडून किंवा सावकाराकडूनच उसने घ्यावे लागे. ही पद्धती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. तोवर कोकणच्या प्रत्येक स्थलांतरामागे ती उभी होती.

या पार्श्वभूमीवर मजूर-दलालाने सांगितलेल्या अटी कशा वाटल्या असतील, याची कल्पना करता येते. आरंभीच्या करारांत पुरुषाला दरमहा पाच रुपये, पाच वर्षांची मुदत, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तेल व कपडा, आणि निघताना काही महिन्यांचा पगार आगाऊ, अशी बोली असे. यातील आगाऊ रकमेचे आकर्षण सर्वांत मोठे असले पाहिजे; कारण कर्जाचा तगादा लागलेल्या कुळाला पाच वर्षांनंतर मिळणाऱ्या पैशापेक्षा आज हातात पडणारा पैसा अधिक मोलाचा असतो. पाच रुपयांतून परतीच्या भाड्यासाठी दरमहा एक रुपया कापून ठेवण्याची तरतूद होती, इकडे त्याचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते.

३. करार आणि त्याची भाषा

या व्यवस्थेस गुलामगिरी म्हणावे की मोलमजुरी, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. ह्यू टिंकर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथास ‘गुलामगिरीची नवी पद्धती’ या अर्थाचे नाव दिले, आणि ते नावच त्यांचे मत सांगून जाते. उलटपक्षी मरीना कार्टर यांनी १९९५ मध्ये मॉरिशसविषयक आपल्या अभ्यासात असे दाखविले की, पुष्कळ भरती ही बेटावरून परत आलेल्या मजुरांच्या मार्फत होत असे. हे लोक आपल्या गावी येऊन नातलगांना व ओळखीच्यांना सोबत नेत. याचा अर्थ असा की, जाणाऱ्यांपैकी सारेच भुलवून नेलेले नव्हते. काहींना तेथील स्थितीची माहिती होती आणि ती असूनही ते गेले.

या वादात मजुरीशी निगडित शब्दांची साक्ष घेता येते. मजुरांच्या टोळीवरील माणसाला मॉरिशसमध्ये ‘सरदार’ म्हणत. सिंहलद्वीपातील मळ्यांत तोच ‘कंगाणी’, ब्रह्मदेशात ‘मेस्त्री’ आणि मराठी मुलखात ‘मुकादम’. यांपैकी ‘सरदार’ फारसी, ‘मुकादम’ अरबी, ‘मेस्त्री’ पोर्तुगीज आणि ‘कंगाणी’ तमिळ. शब्द चार कुळांतले. परंतु त्यांनी दाखविलेला मनुष्य एकच. तो मजुरांपैकीच एक, परंतु धन्याच्या बाजूने उभा असलेला. भरती करणारा, उचल देणारा आणि हजेरी घेणारा. खोताच्या गावातून आलेल्या कुळास हा मनुष्य अनोळखी नव्हता. ‘कुली’ या शब्दाची व्युत्पत्ती काही विद्वान तमिळमधील मजुरीवाचक ‘कूलि’ या शब्दापासून, तर काही ‘कोळी’ या जातिनामापासून लावतात. पहिली मान्य केली तर माणसाला त्याच्या मजुरीचेच नाव पडले असे होते. दुसरी मान्य केली तर एका जातीचे नाव सर्व कष्टकऱ्यांना लागले असे होते. कोणतीही घेतली तरी माणसाचे स्वतःचे नाव त्यातून नाहीसे होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रत्यक्ष मळ्यावर करारापेक्षा दंडाचे नियमच अधिक प्रभावी होते. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत होती; तिला तेथे ‘दुहेरी कपात’ या अर्थाचे फ्रेंच नाव होते. कराराची मुदत संपलेल्या मजुरालाही नवा करार न केल्यास भटक्या ठरविले जाई. १८६७ च्या कायद्याने अशा जुन्या मजुरांना आपले छायाचित्र लावलेला परवाना बाळगण्याची सक्ती केली, आणि तो जवळ नसेल तर पोलीस अटक करीत. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्स या युरोपीय मळेवाल्याने मजुरांच्या सह्या घेऊन अर्ज केला. त्याची परिणती शाही चौकशी मंडळाच्या नेमणुकीत झाली आणि त्या मंडळाने १८७५ मध्ये मजुरांच्या तक्रारींत तथ्य असल्याचे आपल्या अहवालात नमूद केले.

सर्वांत दूरगामी परिणामाचा बदल मात्र याच्या कितीतरी आधी, १८५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच झाला होता. मुदत संपल्यावर मजुराला मायदेशी फुकट पोचविण्याची जबाबदारी वसाहतीवरून काढून टाकण्यात आली. ज्याला परतायचे असेल त्याने आपल्या पैशाने परतावे, असे ठरले. शिडाच्या जहाजाने कित्येक आठवड्यांचा प्रवास आणि त्याचे भाडे ही गोष्ट पाच रुपयांच्या मजुराच्या आवाक्यातील नव्हती. जाण्याचा मार्ग उघडा ठेवून परतण्याचा मार्ग बंद करण्याचे हे धोरण होते.

४. ओघ का थांबला

मुंबई बंदरातून मॉरिशसला जाणाऱ्या मजुरांचा ओघ १८६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ बंद पडला. याचे एक कारण मॉरिशसमध्येच शोधता येईल. १८६६ ते १८६८ या काळात बेटावर हिवतापाची भीषण साथ आली, १८६८ मध्ये मोठे वादळ झाले आणि साखरेच्या धंद्याची पूर्वीची भरभराट राहिली नाही. परंतु हे कारण अपुरे आहे. त्यानंतरही कलकत्ता व मद्रास या बंदरांतून मजूर जातच राहिले. थांबली ती मुंबईच. तेव्हा या घटनेचा उलगडा मुंबईच्या बाजूनेच केला पाहिजे.

तो कठीण नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढील दहाबारा वर्षांत बोरघाट व थळघाट फोडण्याच्या कामावर हजारो मजूर लागले. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये गिरणी चालू झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, बंदरात भरणीची व बांधकामाची कामे निघाली आणि मजुरीचे दर चढले. १८६५ मध्ये हा फुगा फुटला. परंतु गिरण्या, गोदी आणि रेल्वे राहिली. कोकणच्या माणसाला समुद्रापलीकडे जाण्याची गरज उरली नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जनगणनांत मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांत रत्नागिरी जिल्ह्याचा क्रमांक पहिला लागलेला दिसतो.

यावरून एक महत्त्वाचे अनुमान निघते. मॉरिशसला जाणारा आणि मुंबईस जाणारा हे दोन निराळ्या वृत्तींचे लोक नव्हते. तोच खोत, तेच कर्ज आणि तीच अपुरी खाचरे या दोघांच्याही मागे होती. घराजवळ काम मिळू लागताच त्यांनी दूरचे काम सोडले. म्हणजे दूर जाणे ही त्यांची हौस नव्हती आणि सर्वस्वी अज्ञानही नव्हते. जवळचा पर्याय नव्हता तोवरच दूरचा पर्याय स्वीकारला गेला. ‘सक्ती की स्वेच्छा’ असा प्रश्न विचारण्यापेक्षा ‘पर्याय किती होते’ असा प्रश्न विचारणे अधिक युक्त होय.

दोघांमधील खरा भेद निघण्यात नसून परतण्यात आहे. मुंबईस गेलेल्या कोकणी माणसाला मराठीने ‘चाकरमानी’ हे नाव दिले. चाकरमानी म्हणजे नुसता चाकरी करणारा नव्हे. ज्याचे घर गावी आहे, जो शिमग्याला आणि गणपतीला परत येतो, ज्याची मनिऑर्डर महिन्याच्या महिन्याला येते, तो चाकरमानी. १८८० मध्ये टपाल खात्याने मनिऑर्डरची सोय हाती घेतली आणि किनाऱ्यावर आगबोटी फिरू लागल्या, तेव्हा हे नाते अधिकच दृढ झाले. उलट मॉरिशसला गेलेल्या माणसासाठी मायदेशीच्या मराठीत असा जिव्हाळ्याचा शब्द रूढ झाला नाही. ‘गिरमिटिया’ हा शब्द आपण आज वापरतो तो हिंदीतून, मुख्यतः फिजी आणि नाताळ येथील मजुरांच्या संदर्भाने आलेला. भाषेने नाव दिले ते परत येणाऱ्याला. जो परत आला नाही तो भाषेतूनही गेला.

५. नावांचे काय झाले

जे परत आले नाहीत त्यांची नोंद मात्र शिल्लक आहे. मजुरांच्या आगमनाच्या नोंदवह्या आणि पुढील काळातील छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. ही संस्था १९७० मध्ये स्थापन झाली. पोर्ट लुई येथील ज्या धक्क्यावर हे लोक उतरले, त्याचे जुने नाव ‘कुली घाट’. तोच आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखला जातो आणि २००६ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक वारसास्थळांत गणना केली. नाव पालटले, कारण वंशजांना पूर्वजांसाठी ‘कुली’ हा शब्द नको होता.

परंतु वह्यांतील नावांचा प्रश्न इतका सोपा नाही. त्या काळी कोकणातील सामान्य कुळवाडी आपले नाव व बापाचे नाव सांगे. आडनाव सांगण्याचा प्रघात सार्वत्रिक नव्हता. कारकुनाने ऐकले तसे लिहिले, आणि त्याच्या कानाला ‘ळ’, ‘ण’ किंवा दंततालव्य ‘च’ हे वर्ण परके होते. पुढे फ्रेंच वळणाच्या नागरी नोंदणीत पूर्वजाचे व्यक्तिनाम हेच वंशजांचे आडनाव झाले. त्यामुळे बाबाजी, रामजी, लक्ष्मण अशी नावे तेथे आज कुलनामांच्या ठिकाणी आढळतात, तीही फ्रेंच व इंग्रजी लेखनपद्धतींच्या मिश्रणाने बदललेल्या रूपात. दोन सख्ख्या भावांची नावे निराळी असल्यामुळे त्यांच्या वंशजांची कुलनामेही निराळी होणे यात स्वाभाविकच होते.

गावांच्या नावांत घोटाळ्याचा संभव याहूनही अधिक. रत्नागिरीचे नाव त्या काळच्या इंग्रजी लेखनात ‘रटनाघेरी’सारखे लिहीत, ते ओळखता येते. परंतु नोंदीत नुसते ‘खेड’ असेल तर ते रत्नागिरी जिल्ह्यातील समजावे की पुणे जिल्ह्यातील, हे ठरविण्यास मराठीची व मराठी मुलखाची जाण हवी. सोबतची जातीची नोंद, त्याच जहाजावरील इतरांची गावे आणि नावांचे प्रत्यय यांचा मेळ घालूनच असा निर्णय करता येईल.

या कामाला आता व्यावहारिक महत्त्वही आले आहे. मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपतींनी मॉरिशसच्या भेटीत, भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे पत्र मिळू शकेल अशी विशेष तरतूद जाहीर केली. वंश सिद्ध करावयाचा म्हणजे पूर्वज शोधावयाचा, आणि पूर्वज शोधावयाचा म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका कारकुनाने चुकीच्या ऐकलेल्या नावाचा उच्चार पुन्हा जुळवावयाचा.

६. समारोप

मॉरिशसमधील मराठी समाज संख्येने लहान आहे. बेटावरील भारतीयांत बहुसंख्य भोजपुरी भाषकांची, आणि सर्वांच्या व्यवहारात क्रिओलची भाषा, अशा स्थितीत मराठी घरगुती बोलीच्या रूपाने टिकणे अवघड होते. पुष्कळ घरांत ती टिकली नाही. तरी शाळांतून मराठी शिकविली जाते, गणेशचतुर्थीस देशभर सार्वजनिक सुटी असते आणि कोकणातील ‘जाखडी’ नाच तेथे ‘झाकरी’ या नावाने अद्याप नाचला जातो. ‘जाखडी’चे ‘झाकरी’ होताना महाप्राणत्व पुढील वर्णावरून मागील वर्णाकडे सरकले आणि ‘ड’चा ‘र’ झाला. ध्वनिपरिवर्तनाचे हे लहानसे उदाहरण आहे. परंतु तो शब्द ग्रंथातून नव्हे तर तोंडातोंडी, एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आला, याचा तो पुरावाही आहे.

मुंबई बंदरातून गेलेल्या या मजुरांनी शेवटी मॉरिशसमध्ये काय मिळविले, हा स्वतंत्र विषय आहे. १८७० नंतर तेथील मोठे मळे तुकड्यातुकड्यांनी विकले जाऊ लागले, तेव्हा काटकसरीने पैसा साठविलेल्या अनेक भारतीय मजुरांनी जमिनी घेतल्या आणि ते लहान बागायतदार झाले. कोकणातील खोती रद्द होण्याच्या कितीतरी आधी खोताच्या कुळांपैकी काहींचे वंशज परदेशात जमिनीचे मालक बनले असण्याचा संभव यातून दिसतो. तो कितपत खरा आहे, हे नोंदवह्यांतील नावे, गावे आणि जमिनींची खरेदीखते एकत्र ताडून पाहिल्याशिवाय ठरणार नाही. त्यासाठी रत्नागिरी, रायगड व सातारा येथील जमाबंदीची जुनी दप्तरे आणि मोका येथील वह्या यांचे शेजारी शेजारी ठेवून वाचन झाले पाहिजे. इंग्रजी व फ्रेंच साधनांच्या आधारे या विषयाचे बरेच संशोधन झाले आहे. मराठी कान असलेल्या संशोधकाने त्या वह्या वाचणे हे काम मराठी भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकांचे आहे, आणि ते दुसरे कोणी त्यांच्यासाठी करण्याचा संभव नाही.